गोष्ट निघाली गोठ्यातून

‘निर्घृण हत्या’ हे शब्द बातम्यांत इतक्यांदा वाचनात येतात की त्यातली विसंगती नजरेतून सुटते. घृणा म्हणजे किळस, तिटकारा. ‘निर्’ म्हणजे नसलेला. निर्भय माणसाला भय नसतं, निर्लज्जाला लाज नसते. मग निर्घृण माणूस फार तर किळस न येणारा ठरायला हवा. तो क्रूर कसा झाला?

उत्तर संस्कृतात आहे. तिथे ‘घृणा’चा जुना अर्थ कणव, दया, दुसऱ्याविषयी वाटणारी ऊब असा होता. ज्याला कणव नाही तो निर्घृण. संस्कृतातच पुढे घृणेला नावड, तिटकारा असाही अर्थ चिकटला. दुसऱ्याचे हाल पाहून जीव कसनुसा होतो, आणि जीव कसनुसा झाला की माणूस एक तर जवळ जातो, नाही तर तोंड फिरवतो. एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जायला एवढी वाट पुरते. मराठीने एकट्या ‘घृणे’चा नवा अर्थ घेतला, पण ‘निर्घृण’मधली घृणा जुनीच राहिली. सुटा शब्द रोज तोंडात घोळतो, म्हणून बदलत जातो. जोडशब्दात किंवा वाक्प्रचारात अडकलेला शब्द मात्र जुन्या अर्थासकट टिकून राहतो. शब्दांचा माग काढायला निघालात तर पहिली खूण इथेच सापडते.

‘वैराग्य’चंही तेच. वैराग्य आलं म्हणजे राग गेला असं मानावं, तर मग दुर्वासांचं काय करायचं? इथला ‘राग’ म्हणजे संताप नव्हेच. ‘रंज्’ म्हणजे रंगणं, रंगवणं. त्यातून रंग आला, रंजन आलं आणि रागही आला. मनाला कशाचा तरी रंग चढला की ती ओढ, आसक्ती, प्रेम. अनुराग त्यातलाच, गवयाचा रागही त्यातलाच, आणि हा रंग उतरला की विराग, वैराग्य. मराठीत मात्र सुटा ‘राग’ संतापावर जाऊन बसला. एकच संस्कृत शब्द घेऊन दोन भाषा दोन दिशांना गेल्याचे दाखले तर पुष्कळ आहेत. बंगालीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आणि संस्कृतातही त्याच्या जवळपासच काहीतरी. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत ‘शिक्षा’ घेतात, आपल्याकडे भोगतात.

काही शब्दांची बढती होते, काहींची पदावनती. ‘सहस्’ म्हणजे बळ; त्यावरून आलेलं ‘साहस’ प्राचीन कायद्याच्या ग्रंथांत बळजबरीच्या गुन्ह्याला लावलेलं आहे. त्या गुन्ह्यांसाठीच्या दंडालाही साहसच म्हणत आणि त्याच्या पायऱ्या होत्या : प्रथम साहस, मध्यम साहस, उत्तम साहस. म्हणजे ‘उत्तम साहस!’ हे ऐकून त्या काळचा माणूस खूश झाला नसता, कारण ती दंडाची सगळ्यात वरची पायरी होती. आज साहसाला पुरस्कार मिळतात. उलट ‘पाखंड’ पाहा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द वापरला तो नुसता पंथ, संप्रदाय या अर्थाने. सगळ्या पासंडांचा मान राखावा असं तो सांगतो. पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचा पंथ खोटा वाटू लागला आणि पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा झाला. खुद्द अशोकाची पदवी ‘देवानांप्रिय’ होती. संस्कृत व्याकरणकारांनी पुढे ‘देवानांप्रिय’चा अर्थ मूर्ख असा नोंदवला. राजाची पदवी इतकी घसरलेली मला तरी दुसरी माहीत नाही.

यावरून एक गोष्ट लगेच स्पष्ट करून टाकतो, कारण वादविवादात तिचा फार गैरवापर होतो. ‘या शब्दाचा मूळ अर्थ अमुक आहे, म्हणून खरा अर्थ तोच’ हा युक्तिवाद लंगडा आहे. शब्दाचा अर्थ आज बोलणारे ठरवतात. साहसाचं मूळ गुन्ह्यात आहे म्हणून कोणी गिर्यारोहकाला पकडायला जात नाही. व्युत्पत्ती सांगते ती शब्द कुठून, कोणत्या वाटेने आला हे. आणि त्या वाटा अर्थापेक्षा कितीतरी रंजक असतात.

गायींच्या मागे मागे

सगळ्यात लांबची वाट बहुधा गायींची. गायी जिथे उभ्या राहतात ती जागा ‘गोष्ठ’ : गो आणि स्थ. या गोष्ठाचा प्राकृतातून झिजत झिजत गोठा झाला. पण गायी जिथे जमतात तिथे त्यांना राखणारी माणसंही जमतात, आणि माणसं जमली की बोलणं आलंच. संस्कृतात ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक, आणि मग त्या बैठकीतल्या गप्पा. तिथून मराठीत ‘गोष्ट’ आली. आधी बोलणं, मग सांगितलेली कथा, आणि शेवटी ‘ही गोष्ट वेगळी’ म्हणताना तर नुसती बाब. म्हणजे गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं. एक खेड्यात राहिलं, झिजलं, मराठमोळं झालं. दुसरं सभेत वावरलं, म्हणून त्याचा ‘ष्ट’ अजून शाबूत आहे.

गोत्र म्हणजेही आधी गायींचा वाडाच. एका कुंपणाआड ज्यांच्या गायी, त्यांचं कूळ एक, अशा वाटेने तो शब्द वंशावर गेला. ‘गवेषणा’ म्हणजे संशोधन. शब्दशः गायींचा शोध. हरवलेलं जनावर शोधत फिरणाऱ्याचं काम पुढे ग्रंथालयात बसणाऱ्याने घेतलं. ऋग्वेदात ‘गविष्टी’, म्हणजे गायींची इच्छा, हा शब्द चक्क लढाईसाठी येतो, कारण त्या काळी बऱ्याच लढाया गायींसाठीच होत. आणि गवाक्ष म्हणजे गायीचा डोळा. गोल, मोठा, भिंतीतून बाहेर पाहणारा. गंमत अशी की इंग्रजीतला ‘विंडो’ हा जुन्या नॉर्स भाषेतला ‘वाऱ्याचा डोळा’ आहे. खिडकीत डोळा पाहण्याची कल्पना दोन ठिकाणी आपापली सुचली.

दप्तर, शाई आणि रुमाल

शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन जाणारं पोर खरं तर ग्रीक शब्द पाठीवर घेऊन जात असतं. ग्रीकमध्ये ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. कागद नव्हता तेव्हा लिहायला कातडी वापरत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस लिहितो की आयोनियाचे ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘कातडी’च म्हणतात, कारण पूर्वी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. वस्तू बदलली, नाव राहिलं. हाच शब्द पश्चिम आशियातून फारसी-अरबीत ‘दफ्तर’ होऊन आला, हिशेबाची वही या अर्थाने. मग अशा वह्या जिथे ठेवतात ती कचेरीही दफ्तर झाली. मराठीत दप्तर म्हणजे कागदांचे गठ्ठे. पुण्याचं पेशवे दप्तर त्या अर्थाने दप्तर. आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा गठ्ठा तो त्यांचा दप्तर, मग तो ज्या पिशवीत भरतात ती पिशवीच दप्तर. कातड्यापासून पिशवीपर्यंत कुठेही उडी नाही. प्रत्येक टप्प्यावर अर्थ एखादं पाऊल सरकला, एवढंच.

याच ग्रीक कातड्याची दुसरी शाखा दवाखान्यात पोहोचली. घटसर्प या रोगात घशात चिवट, कातड्यासारखा पापुद्रा धरतो. फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२६ साली त्या कातड्यावरून रोगाला नाव दिलं, आणि त्यातून ‘डिप्थेरिया’ आला. त्याची लस घेतलेलं मूल दप्तर पाठीला लावून शाळेत जातं तेव्हा एकाच शब्दाच्या दोन टोकांची गाठ पडते.

जुन्या दप्तरखान्यात कागद बांधून ठेवायचे ते कापडात, आणि त्या गठ्ठ्याला म्हणतात रुमाल. ‘अमुक नंबरचा रुमाल काढा’ अशी भाषा तिथे सहज कानावर येते. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं फडकं, मग कोणतंही चौकोनी फडकं, मग फडक्यात बांधलेले सरकारी कागद. त्याच कचेरीत शाई असते. ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. तेव्हा लाल शाई किंवा निळी शाई म्हणणारा माणूस खरं तर लाल काळोखी मागत असतो, पण ते कुणालाही खटकत नाही, आणि खटकूही नये. कलम हा शब्द ग्रीकमधल्या ‘कालामोस’ म्हणजे बोरूचा वंशज. बोरू तिरका कापतात तशी कापलेली फांदी तीही कलम, आणि कलमाने एकेक करून लिहिलेला कायद्याचा मुद्दा तोही कलम. पेन आणि पेन्सिल मात्र एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पेन लॅटिनमधल्या पिसावरून आलं, पेन्सिल ‘शेपटुली’ या अर्थाच्या शब्दावरून. बारीक कुंचला शेपटीसारखा दिसतो म्हणून. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या बुरशीचे तंतू कुंचल्यासारखे दिसले तिचं नाव पेनिसिलियम, आणि तिच्यातून निघालेलं औषध पेनिसिलिन. तेव्हा पेन्सिलची खरी नातलग पेन नव्हे, ते औषध आहे.

पोथीच्या पानावरून

मराठीत कामाला सुरुवात करतात तीही पोथीसारखी आणि संपवतात तीही पोथीसारखी. पोथीच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ असतं, म्हणून आरंभ करणं म्हणजे श्रीगणेशा करणं. संस्कृतात ‘गणेशाय’ म्हणजे गणेशाला. मराठीने त्याचा ‘य’ कापून टाकला आणि उरलेल्याचं नाम केलं. ‘ओनामा’ही तसाच. पूर्वी मुलाला अक्षरं शिकवायची सुरुवात ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई. पोरांच्या घोकंपट्टीत त्याचं ‘ओनामासिधं’ झालं आणि मग नुसता ओनामा उरला.

पुराणात कथा सांगणारा सूत असतो. नैमिषारण्यात ऋषी जमलेत, प्रश्न विचारतायत, आणि मग येतं ‘सूत उवाच’, म्हणजे सूत म्हणाला. त्यावरून एखाद्या योजनेची पहिली वाच्यता करणं म्हणजे सूतोवाच. संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने हा संधी चुकलेला आहे. ‘सूतः’ मधला विसर्ग गेल्यावर उरलेल्या ‘अ’चा आणि ‘उ’चा पुन्हा संधी होत नाही, ते ‘सूत उवाच’ असं सुटंच राहतं. पण मराठी माणसाला ते जोडून म्हणणं सोपं गेलं आणि शब्द रूढ झाला. आता तो मराठीच शब्द आहे, त्याला संस्कृतच्या परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही.

अध्यायाच्या शेवटी ‘इति श्रीस्कंदपुराणे...’ अशा तऱ्हेची ओळ असते. ‘इति’ म्हणजे येथवर, असं. त्यातला ‘श्री’ खरं तर पुढच्या पुराणाच्या नावाचा मान. तो त्याच्यापासून तोडून ‘इति’ला चिकटवला आणि इतिश्री तयार झाली. शब्द चुकीच्या सांध्यावर तोडण्याची ही खोड लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या सगळ्यांत माझा आवडता आहे हरताळ. ‘सगळ्या मेहनतीवर हरताळ फासला’ असं आपण म्हणतो आणि डोळ्यांपुढे कुठेतरी संप, बंद येतो. पण संप कोणी फासत नाही, तो पुकारतात. फासायची असते ती ओली, चिकट गोष्ट. हरताळ म्हणजे संस्कृतातलं हरिताल, आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. ते घोटून लेप करायचे. पोथीचा कागद पिवळसर असे. लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हा लेप फासायचा, वाळला की त्यावरच पुन्हा लिहायचं. आजच्या व्हाइटनरचं काम, फक्त पिवळ्या रंगात. शिवाय विषारी असल्याने किडेही त्या कागदाच्या वाटेला सहसा जात नसत. जुन्या हस्तलिखितांत असे पिवळे डाग अजून दिसतात, आणि खाली दडलेलं अक्षर उजेडात तिरकं धरलं तर कधी कधी वाचताही येतं. लिहिलेलं पुसून टाकणं म्हणजे हरताळ फासणं. तिथून केलेलं फुकट घालवणं.

संपाचा हरताळ सर्वस्वी वेगळा. हाट म्हणजे बाजार, ताळं म्हणजे कुलूप. गुजरातीत ‘हडताळ’, बाजाराला कुलूप. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळाची हाक दिली आणि हा शब्द घरोघर पोहोचला. तोवर खनिजाचा हरताळ लेखणीबरोबरच मागे पडला होता. दोन वेगवेगळे प्रवासी एकाच रूपाने मराठीत आले. कोणता कुठला, हे फक्त क्रियापद सांगतं : एक पाळतात, दुसरा फासतात.

घोड्यावरून आणि गलबतातून

अठराव्या शतकातला मराठी माणूस बराच काळ घोड्यावर होता आणि भाषेत त्याचा पुरावा आहे. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं आच्छादन, मूळ अरबी ‘गाशिया’. स्वाराने तो गुंडाळला की मुक्काम हलला. घोडा कधी न पाहिलेला व्यापारीही आज धंद्याचा गाशा गुंडाळतो. फारसी ‘बुनगाह’ म्हणजे फौजेचं सामानसुमान, त्यावरून न लढणारे बुणगे. खलबत म्हणजे एकांत, अरबी ‘खल्वत’. एकांतात बसून करायची मसलत ती खलबतं. ‘गर्द’ म्हणजे फारसीत धूळ, आणि बखरींत शत्रूला ‘गर्दीस मिळवतात’ म्हणजे धुळीस मिळवतात. आजची गर्दी त्या मानाने फारच सौम्य.

शिलेदार या शब्दाची मात्र मला काळजी वाटते. ‘अमुक नेत्याचे शिलेदार’ असं वर्तमानपत्रं लिहितात, तेव्हा त्यांना निष्ठावान अनुयायी म्हणायचं असतं. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची असत तो शिलेदार; ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. म्हणजे शिलेदार तुलनेने स्वतंत्र बाण्याचा, वेळ पडली तर आपला घोडा घेऊन दुसरीकडे जाणारा. नेत्याने दिलेल्या घोड्यावर बसलेल्याला खरं तर बारगीर म्हणायला हवं. अर्थात आताच मी म्हटलं की मूळ अर्थावरून कोणाला दटावू नये. पण काही नेत्यांच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी नकळत अचूक शब्द वापरलाय, हेही खरं.

पोर्तुगीज आले समुद्रातून आणि चावी, पगार, इस्त्री, घमेलं, फीत, लिलाव असे किती तरी शब्द ठेवून गेले. त्यांतला तुरुंग तेवढा थांबून पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीजमध्ये ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचं खोड. जाड लाकडाला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत. त्या लाकडालाही त्रोंकोच म्हणत, आणि मग तुरुंगालाही. मराठीत स्वतंत्रपणे नेमकं हेच झालं होतं : खोडावरून पाय अडकवायचा खोडा, आणि त्यावरून कामात खोडा घालणं. एकाच लाकडापासून एका भाषेने इमारत केली आणि दुसरीने वाक्प्रचार. ‘लालफीतशाही’ तर पाहण्यासारखीच. लाल आणि शाही फारसी, फीत पोर्तुगीज, कल्पना इंग्रजांच्या कचेरीतली, जिथे कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधत. यातला एकही तुकडा इथला नाही, तरी शब्द अस्सल मराठी वाटतो.

गोड गोष्टींवर संशय घ्यावा

व्युत्पत्तीच्या नावाखाली फिरणाऱ्या कथांपैकी पुष्कळ बनावट असतात, आणि त्या ओळखायची एक साधी खूण आहे : कथा जितकी नेटकी, तितका संशय जास्त. ‘न्यूज’ म्हणजे इंग्रजीतल्या चार दिशांची आद्याक्षरं, हे त्यातलंच. तो शब्द सरळ ‘नवं’ या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन आहे. आद्याक्षरांपासून शब्द घडवायची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाला आद्याक्षरांची कथा जोडलेली दिसली की ती बहुतेक वेळा मागाहून रचलेली असते.

आपल्याकडचं उदाहरण संक्रांतीचं. ‘संक्रांत आली’ म्हणजे संकट आलं, कारण पानिपतची लढाई संक्रांतीला झाली, असं हमखास सांगतात. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे खरं. पण संक्रांत कायम १४ जानेवारीला नसते. ती साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं तर संक्रांत आणखी एखाद-दोन दिवस आधीच पडणार. म्हणजे पानिपतच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगात शोधावं. तिथे संक्रांत ही एक देवी. ती कशावर बसून येते, कोणत्या दिशेला पाहते, हे दर वर्षी सांगतात आणि ती जिकडे पाहील तिकडे संकट असं मानतात. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मात्र निःसंशय त्या लढाईचा.

‘ध चा मा’ची तऱ्हा आणखी निराळी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ असं लिहिलेल्या हुकुमात आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केलं, ही त्याची कथा. ते खरंच घडलं का, हा इतिहासाचा प्रश्न. वाक्प्रचाराला त्याच्याशी देणंघेणं नाही, कारण वाक्प्रचार घडायला घटना लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली कथा पुरते. अशा कथा पसरतात कशा, तेही शब्दांतच आहे. ‘अफवा’ हे अरबीतलं अनेकवचन, अर्थ ‘तोंडं’. आणि गुपित फुटतं तेव्हा ते षट्कर्णी होतं, म्हणजे दोघांच्या चार कानांपलीकडे तिसऱ्याच्या दोन कानांवर जातं. अरबीने तोंडं मोजली, संस्कृतने कान.

मग खरी व्युत्पत्ती कशी ठरवतात? मुख्य आधार असतो तो उच्चार बदलण्याच्या नियमितपणाचा. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी व्यंजन होतं, आणि मराठीत येताना त्यातलं एक गळून आधीचा स्वर लांबतो. सर्प, सप्प, साप. कर्ण, कण्ण, कान. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. मधली पायरी धम्म, कम्म अशा शब्दांत आपल्याला ओळखीची आहेच. हा नियम शेकडो शब्दांना लागू पडतो, म्हणून एखाद्याची व्युत्पत्ती त्यात बसत नसेल तर ती सांगणाऱ्याने वेगळा पुरावा द्यायला हवा.

हाच नियम ‘घर्म’ला लावा. घर्म म्हणजे उष्णता, घम्म, घाम. फारसीत त्याचा भाऊ ‘गर्म’, तो आपल्याकडे गरम होऊन आला. ग्रीकमध्ये ‘थर्मोस’, तो थर्मामीटरमध्ये बसून आला. आणि घृणाही याच कुळातली, म्हणूनच तिच्यात ऊब होती. सप्तचा सात झाला. फारसीत ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून तिथे ‘हफ्त’, आणि सात दिवसांचा तो हप्ता. मराठीने मात्र त्याच सात दिवसांना आठवडा म्हटलं, कारण सोमवार ते सोमवार मोजताना आपण दोन्ही सोमवार मोजतो. ‘आठ दिवसांनी या’ म्हणणाऱ्याला सातवा दिवसच अभिप्रेत असतो.

आता त्या चुकीच्या सांध्याकडे. चुकीची व्युत्पत्ती नुसती चूक राहत नाही, कधी कधी ती नवे शब्द प्रसवते. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणासारख्या देवांचं गौरवाचं विशेषण आहे. इराणात तेच ‘अहुर’ होऊन परमेश्वराचं नाव झालं. इकडे पुढे असुर म्हणजे देवांचे शत्रू ठरले. मग कोणाला तरी वाटलं की हा ‘अ’ नकाराचा असणार, आणि असुर नाहीत ते सुर. ‘सुर’ नावाचा शब्द त्याआधी नव्हता. तो चुकीच्या वजाबाकीतून जन्मला. विधवेचंही तसंच. या शब्दात मुळात ‘वि’ आणि ‘धवा’ असे दोन तुकडे नव्हतेच. लॅटिन ‘विदुआ’ आणि इंग्रजी ‘विडो’ ही तिची भावंडं पाहिली की ते कळतं. पण लोकांनी तिला तोडलं, ‘धव’ म्हणजे नवरा असा शब्द काढला, आणि त्यावर सधवा उभी केली.

हे फार जुन्या काळीच होत असे, असं नाही. हेलिकॉप्टर हा शब्द ग्रीक ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख यांचा. ज्यांना ग्रीक येत नव्हतं त्यांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला. त्या अर्ध्या तुकड्यावर आज हेलिपॅड उभी आहेत, आणि उरलेला कॉप्टर ड्रोनवाल्यांनी उचलून त्याचा क्वाडकॉप्टर केला.